काळूराम हरवल्याचा मेल

"मॅडम, खाडीत एक बाई रुतलीय, आणि लोक बांधावर उभे राहून व्हिडिओ काढतायत."

हवालदार गणराज ठाकूरचा हा फोन आला तेव्हा उपनिरीक्षक मृणाल शिगवण यांनी नुकताच चहा कपात ओतला होता. तो तसाच राहिला.

रेवसच्या अलीकडे तिवरांच्या आत घुसलेली ती खाडी. ओहोटी लागलेली, पाणी पार आत गेलेलं आणि काळाभोर चिखल उघडा पडलेला. बांधावर मुंबई पासिंगच्या गाड्यांची रांग लागली होती. कुणी टोपी घालून, कुणी दुर्बीण लावून उभं. एकाने ड्रोन सोडलं होतं आणि ते त्या बाईच्या डोक्यावर माशीसारखं घोंघावत होतं.

चिखलात कमरेपर्यंत जनी उभी होती. उभी म्हणजे काय, ओणवी होऊन दोन्ही हातांनी चिखल चाचपत होती. नवऱ्याचं प्रेत शोधत होती. काळूराम नाहीसा होऊन आठवडा होत आला होता आणि प्रत्येक ओहोटीला ती अशीच उतरायची.

काळूरामचा पुतण्या विनेश फळी टाकून तिच्यापर्यंत पोचला. मृणाल बूट काढून त्याच्या मागे गेली. दोघांनी काखेत हात घालून तिला ओढून काढलं.

"सोरा मना," जनी म्हणत होती. "तो हितंच हाय. मी सोरनार न्हाय."

तिचा डावा पाय घोट्यापासून खाली सुजून टम्म झाला होता. कालवांच्या शिंपल्यांनी तळवा चिरला होता आणि जखमेत चिखल भरून पू झाला होता. मृणालने बांधावर येऊन वर पाहिलं, तर एक गोरागोमटा गृहस्थ मोबाइल पुढे करून तिच्याकडे आला.

"एक्स्क्यूज मी मॅडम, शोधनकाशातला तीन नंबरचा पॉइंट हाच ना?"

मृणालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गणराजला एवढंच सांगितलं, "सगळ्यांच्या गाड्या हलवा. आणि ते उडतंय ना वर, ते आधी खाली उतरवा."

शोधनकाशा हा शब्द तिला नवा नव्हता. किहीमहून 'खाडीकाठ' नावाचं एक वार्तापत्र दर आठवड्याला ईमेलने निघायचं. नेत्रा वर्तक नावाची बाई ते चालवायची. खाडी, मासे, मिठागरं, जुन्या रीती असा त्यातला मजकूर. पण लोक वाचायचे ते काळूरामसाठी. जन्मभर मिठागरावर राबलेला, आता खाडीत पाग टाकून मासे धरणारा हा म्हातारा दर मेलमध्ये वारा, पाणी, मासळी यावर चार ओळी बोलायचा. 'पहाटेचा काळूराम' असं त्या चार ओळींचं नाव. ठाण्यातलेही निम्मे लोक वाचायचे. मृणालही वाचायची.

काळूराम गेला आणि 'खाडीकाठ' अक्षरशः फुगलं. शोधाची ताजी बातमी हवी? ईमेल द्या. कुठे कुठे शोधतायत ते दाखवणारा शोधनकाशा हवा? पाच मित्रांना जोडा. काळूरामच्या आवाजातलं शेवटचं ध्वनिमुद्रण हवं? आणखी पाच जोडा. लोक जोडत होते, रविवारी गाड्या काढून येत होते, बांधावर वडापाव खात होते आणि कागद खाडीत टाकून परत जात होते.

जनीला दवाखान्याकडे नेताना जीपमध्ये गणराज पुढे बसून मोबाइल चाळत होता.

"काय दिवस आलेत मॅडम. इथलं माणूस हरवलं ते आपल्याला सलूनमध्ये कळतं."

"म्हणजे?"

"गुरुवारी सकाळी दाढी करायला बसलेलो. तोंडाला फेस, आणि मोबाइल वाजला. 'पहाटे गेलेला काळूराम परतलाच नाही.' न्हाव्याला वाचून दाखवला. त्याचा वस्तराच थांबला."

"मला रात्री आला होता," मृणाल म्हणाली. "त्याचं नाव वेगळं होतं. 'बांधावर फक्त पाग उरला.'"

"असेल. एकच रडगाणं दहा नावांनी पाठवतात ही माणसं."

मृणालने मान हलवली आणि मागे वळून जनीकडे पाहिलं. जनी खिडकीबाहेर खाडीकडेच बघत होती.

डॉक्टरने जखम साफ करून पट्टी बांधली, पाय खाली टेकवायचा नाही म्हणून बजावलं आणि मृणालला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एकदा चिखलात उतरली तर पाय ठेवता येईलच असं नाही. जनीने ते ऐकलं. तिने पट्टीवर लुगडं ओढून घेतलं.

घरी आणून पडवीत बसवल्यावर मृणाल तिच्यासमोर खाली बसली.

"काकी, आधीच्या साहेबांनी तुमचा जबाब घेतलाय. मी परत विचारते, रागावू नका. त्या दिवशी काका निघाले कसे?"

"जेवला नि गेला."

"काय जेवले?"

जनीला हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नव्हता. "जवल्याचं कालवन नि भात. दुपारची व्हट व्हती, पानी उतरलं व्हतं. जेवला, पाग खांद्यावर टाकला नि गेला. दिवे लागले तरी आला न्हाय, तवा मी विनेशला बघाया धारला."

"काही वेगळं वाटलं का त्यांच्यात?"

"तंबाकू मलत न्हवता दोन दिस. मी बोलले, काय झालं? तर हसला."

"तब्येत?"

"बाकी बरी. डोले गेलेले. मोतीबिंदू." जनीचा आवाज इथे फाटला. "ऑपरेशन करतो बोलत व्हता. मीच न्हाय बोलले. माज्या भावाचा डोला त्या ऑपरेशननीच गेला. मी बोलले, हाय तेवरा दिसतंय ना, पुरे. आता त्याला चिखल दिसला नसंल, बाय. मीच मारला त्याला."

मृणालने जनीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती उठली.

विनेश अंगणात उभा होता. पाग पहिल्यांदा त्याला सापडला होता.

"कुठे होता पाग?"

"बांधाच्या टोकाला, डांबरी रस्ता लागतो तिथं. तिवराच्या बुंध्याशी."

"मेलमधल्या फोटोत तर तो चिखलात पसरलेला आहे."

विनेशने तोंड वाकडं केलं. "तो फोटो नेत्राताईंनी शुक्रवारी काढला. पाग पसरायला मलाच लावला. म्हणाल्या, असा घडी घातलेला पाग बघून कुणाचं काळीज हलणार आहे?"

"घडी घातलेला?"

"व्हय. नीट घडी, वर दगड ठेवलेला. वारा सुटला तर उडू नये म्हणून ठेवतात तसा."

"ओला होता?"

"कोरडा ठणठणीत."

मृणालला शिसारी आली. एका माणसाचं मरण लोकांना पाहायला बरं दिसावं म्हणून ही बाई जाळं पसरवून घेते, आणि हजारो लोक ते बघून हळहळतात, पाच मित्रांना पाठवतात. पण शिसारीच्या पोटात आणखी एक गोष्ट खुपत होती. बुडणारा माणूस जाळ्याची घडी घालून वर दगड ठेवत नाही.

किहीमला नेत्राचं कार्यालय म्हणजे नारळाच्या वाडीतलं एक टुमदार कौलारू घर. आत थंडगार खोली. भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर हिरव्या अक्षरांत वाचकांचा आकडा. मृणाल आत शिरली तेव्हा तो आकडा वाढत होता, आणि ती खुर्चीत बसेपर्यंत पुन्हा वाढला.

नेत्रा चाळिशीची, खादीची साडी, केस पांढरे होऊ दिलेले. डोळे रडून लाल. तिच्यासमोर टेबलावर लॅपटॉप, पालीच्या बल्लाळेश्वराच्या प्रसादाचा पुडा आणि डोळ्यांत टाकायच्या थेंबांचं एक उघडलेलं खोकं.

"जनीकाकी कशा आहेत? मी येणारच होते. मला बघवत नाही हो."

"डोळ्यांना काय झालंय तुमच्या?"

"काय? हां, हे. दिवसभर स्क्रीन बघून जळजळतात."

"पालीला कधी गेला होतात?"

"शुक्रवारी. काका सुखरूप मिळू देत म्हणून नवस बोलून आले. काका मला वडिलांच्या जागी आहेत, मॅडम. ते मला नेत्राबाय म्हणतात."

"आणि हा शोधनकाशा?"

नेत्राने खाली बघितलं. "ती माझी कल्पना नाही. हितेशला विचारा."

हितेश शहा शेजारच्या खोलीत होता. अलिबागच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकून आलेला. वार्तापत्रांचे वाचक वाढवून देणं हाच त्याचा धंदा. नेत्राने त्याला सहा महिन्यांपूर्वी आणलं होतं. त्याने मृणालला बसायला सांगितलं नाही, पण आकडे सांगायला लागला.

"मॅडम, ओपन रेट बघा, किती लोक मेल उघडतात ते. असा ओपन रेट मैंने लाइफ में नहीं देखा. काळूराम इज गोल्ड."

"तो माणूस हरवलाय."

"वही तो. सॅड आहे. पण लोक सॅड उघडतात."

मृणालने बोटं तळहातात रुतवली. "गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"दुकानात. पप्पांच्या. सीसीटीव्ही आहे, बघून घ्या."

"काळूरामशी ओळख?"

"दोनदा भेटलो. माझ्याशी बोलतच नाय तो. मी म्हटलं, काका, एक रील करू. पाठ फिरवून गेला निघून."

"एकच बातमी वेगवेगळ्या नावांनी का पाठवता? माझ्या हवालदाराला एक नाव, मला दुसरं."

आता हितेशचा चेहरा उजळला. कुणीतरी त्याच्या कामाचं विचारलं होतं.

"ती टेस्ट. मेल थेट सगळ्यांना नाय पाठवायचा. आधी थोड्या लोकांना पाठवायचा. अर्ध्यांना एक नाव, अर्ध्यांना दुसरं. जे नाव जास्त उघडलं, ते मग बाकी सगळ्यांना. तुमचा हवालदार टेस्टमध्ये असेल, तुम्ही बाकीच्यांत."

"प्रत्येक वेळी?"

"एव्हरी टाइम. टेस्ट केल्याशिवाय मेल सोडणं म्हणजे पाप. नेत्राला मीच सवय लावली. आता माझ्यापेक्षा ती पक्की झालीय."

"पाठवतं कोण? तुम्ही की त्या?"

"दोघंही. पासवर्ड एकच आहे."

"आणि एवढे वाचक करायचे कशाला?"

"मुंबईची एक पार्टी 'खाडीकाठ' घेणार आहे. इथे बंगले विकायचेत त्यांना. पण अट आहे, दिवाळीपर्यंत लाख वाचक. नायतर डील खलास." तो हसला. "आता होतील."

बाहेर पडताना मृणालला कुठेतरी हात धुवावेसे वाटत होते. जीपमध्ये बसल्यावर तिने गणराजकडे हात पुढे केला.

"तुमचा तो मेल दाखवा. सलूनमधला."

गणराजने मेल उघडून दिला. मृणालने वरची वेळ बघितली, मजकूर वाचला, पुन्हा वेळ बघितली. मग वडिलांना फोन लावला. वडील म्हसळ्याजवळच्या गावी भातकापणीच्या गडबडीत होते.

"बाबा, गेल्या वर्षी तुमच्या डोळ्यांत थेंब टाकायचे ते कोणते? नाव आठवतंय?" तिने नेत्राच्या टेबलावरच्या खोक्यावर वाचलेलं नाव सांगितलं.

"तेच की," वडील म्हणाले. "ऑपरेशनच्या आधीपासून टाकायला लावलेले. डोळा साफ राहावा म्हणून. तंबाखूही बंद केलेली माझी मेल्यांनी. का गं?"

"सहज. घरी आले की बोलते." तिने फोन ठेवला. "गणराज, गाडी पालीकडे घ्या."

"पाली? दर्शनाला?"

"चौकशीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्राच्या ओटीवर चार खुर्च्या मांडल्या गेल्या. मृणालनेच मांडायला सांगितल्या. नेत्रा, हितेश आणि विनेश बसले. गणराज पायरीशी उभा राहिला. पोलिसांची जीप वाडीच्या फाटकाबाहेर होती, काचा वर करून.

"काळूराम बुडालेला नाही," मृणाल म्हणाली. "खाडीत उतरलाच नाही. पाग कोरडा होता, घडी घातलेला होता, वर दगड होता. म्हणजे तो आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने, परत येणार या भरवशावर कुठेतरी गेला. पाग रस्त्याच्या कडेला मिळाला. म्हणजे तिथे गाडी उभी होती."

"कुणाची?" विनेशने विचारलं.

"सांगते. आधी हा मेल." तिने गणराजचा मोबाइल मधल्या टेबलावर, नेत्राच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. "'पहाटे गेलेला काळूराम परतलाच नाही. बांधावर त्याचा पाग पडून आहे.' हा मेल गुरुवारी सकाळी ठाकूरांना सलूनमध्ये आला. गुरुवारी सकाळी काळूराम कुठे होता, विनेश?"

विनेश बघतच राहिला. "घरी. दुपारी जेवून गेला ना तो."

"आणि पाग?"

"खुंटीला. घरात."

हितेशने मोबाइल ओढून घेऊन मेलची वेळ बघितली.

"माणूस घरात बसलाय, पाग खुंटीला टांगलाय, आणि तो हरवल्याची बातमी लोक वाचतायत," मृणाल म्हणाली. "ज्याने हा मेल लिहिला त्याला काळूराम हरवणार हे आधी माहीत होतं. कारण हरवायचं काम त्याचंच होतं. मग तो संध्याकाळपर्यंत थांबला का नाही? थांबायला हवं होतं. पण या धंद्यातली माणसं टेस्ट केल्याशिवाय मेल सोडत नाहीत. रात्री सगळ्यांना जाईल तो मेल कुठल्या नावाने जास्त उघडला जातो, हे सकाळीच बघून घ्यायचं होतं. थोड्याच लोकांना तर जाणार, आणि ते मुंबईचे. त्यांना काय कळतंय, ओहोटी पहाटे होती की दुपारी? 'पहाटेचा काळूराम' म्हटलं की त्यांच्यासाठी तो रोज पहाटेच जातो. फक्त त्या थोड्या लोकांत आमचे ठाकूर निघाले."

हितेश खुर्चीतून अर्धा उठला होता. "मॅडम, मी नाय. टेस्ट माझी आयडिया आहे, कबूल, पण मी दुकानात होतो, सीसीटीव्ही..."

"बघितला. तुम्ही दुकानातच होता. खाली बसा." मृणालने त्याच्याकडे बघितलंही नाही. "आणि तुमच्या गाडीत काळूराम पाय ठेवणार नाही. तो तुमच्याशी बोलतसुद्धा नव्हता. तो बसला ते ज्या गाडीत त्याला आपलं माणूस दिसलं त्या गाडीत. नेत्राताई, तुमच्या टेबलावरचे थेंब तुमचे नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी टाकायचे ते. दोन दिवस काळूरामने तंबाखू सोडली होती. बायको ऑपरेशनला नाही म्हणते म्हणून तो तुमच्याकडे बोलला. तुम्ही म्हणालात, काका, तुम्ही गुपचूप चला, काकीला मी संध्याकाळी जाऊन समजावते. पाग इथेच ठेवा, विनेश नेईल. खरं की नाही?"

नेत्राने पदर सारखा केला. "पुरावा?"

"तुमचा प्रसादाचा पुडा पालीचा, आणि पालीला एका संस्थेचं नेत्रशिबिर आहे, त्यांची धर्मशाळाही. तिथल्या नोंदीत काळूरामचं नाव लपवलंही नव्हतं तुम्ही. कशाला लपवाल? चिखलात प्रेत शोधणारे लोक धर्मशाळेत कशाला जातील? काल मी त्याच्या खाटेशी बसले होते. दोन्ही डोळे झाले. उजव्यावर अजून हिरवी पट्टी आहे. त्याने मला पहिला प्रश्न काय विचारला माहिताय?"

नेत्राने मान वळवली.

"'जनी बरी हाय ना?' मग म्हणाला, 'नेत्राबाय रोज फोन लावते. सांगते, जनी बोलते आराम कर, घाई करू नको.'" मृणालचा आवाज आता ताब्यात राहिना. "ती बाई तिकडे रोज चिखलात हात घालून याचं मढं शोधते, मीच मारला म्हणून कपाळ बडवते, आणि तुम्ही इकडे तिचा निरोप बनवून त्याला सांगता. तोंडात घास कसा गेला तुमच्या?"

विनेश उठला. गणराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

"मी कुणाचं वाईट केलं?" नेत्रा म्हणाली. ती रडत नव्हती आता. "त्यांना नीट दिसत नव्हतं, मी दृष्टी दिली. आणखी दोन दिवसांनी वाजतगाजत घरी आणणार होते. लोकांना आनंद झाला असता. तुम्हाला माहीत नाही, मॅडम. दहा वर्षं मी या खाडीबद्दल लिहिलं. भराव पडतोय, तिवरं तोडतायत, मासे मरतायत. ते कोण वाचत होतं? शंभर जणसुद्धा नाहीत. काका गेले तर एवढे हजार. आता मी खाडीबद्दल काही लिहिलं तर ते वाचतील."

"आणि ते वाचक तुम्ही त्या बंगलेवाल्यांना विकणार."

नेत्राने टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. उघडाच होता तो. पडद्यावर एक मेल तयार होता, पाठवायचा राहिलेला. वर दोन नावं लिहिली होती, एकाखाली एक: 'काळूराम सापडले' आणि 'काळूरामने डोळे उघडले'. चाचणीसाठी.

हितेशने वाकून ते वाचलं आणि नकळत म्हणाला, "दुसरं जास्त उघडेल."

मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. मृणालला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याऐवजी तिने लॅपटॉप मिटला आणि गणराजच्या हातात दिला.

"ताब्यात घ्या. खोटी खबर, फसवणूक, बाकी कलमं ठाण्यात बघू. नेत्राताई, चला."

काळूराम जीपमध्ये मागे बसला होता. नेत्रा फाटकाशी आली तशी त्याने काच खाली केली. एका उघड्या डोळ्याने त्याने तिच्याकडे नीट बघितलं. चेहरा असा स्वच्छ त्याला कित्येक वर्षांत दिसला नव्हता. मग काच वर केली.

पाड्यावर बातमी आधीच पोचली होती. बांधावरच्या गाड्या आता घरासमोर आल्या होत्या. कुणी हार आणला होता, कुणी पेढे. मोबाइल वर धरून सगळे वाट बघत होते. मृणालने काळूरामला हाताला धरून गर्दीतून आत नेलं आणि दाराबाहेर गणराजला उभं केलं.

जनी खाटेवर होती, पाय उशीवर. तिने नवऱ्याला बघितलं. उठायला गेली, पाय टेकला, कळ आली, पुन्हा बसली. काळूराम तिच्या पायाशी बसला आणि ती पट्टी, ते सुजलेलं बोट, नखांतला तो काळा चिखल सगळं बघत राहिला.

"ह्यो काय केलंस?" तो एवढंच म्हणाला.

"तुला शोदलं," जनी म्हणाली.

मृणाल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला तिथून निघून जायचं होतं, पण जाता येत नव्हतं.

तेवढ्यात दारात आवाज आला. हितेश होता. गणराजच्या हाताखालून अर्धा आत आला होता, हात जोडून.

"मॅडम, प्लीज, एक मिनिट. माझ्यावर काय गुन्हा नाय ना? नेत्रा गेली तरी वाचक तर आहेत. सकाळपासून डबल झालेत. अटकेची बातमी फुटली ना. लोक जोडतायत, विचारतायत, काळूराम कसे आहेत. मी काय म्हणतो, काकी, एक फोटो. तुम्ही दोघं. आणि काकांच्या दोन ओळी. लोकांचा हक्क आहे."

मृणाल वळली. पण ती बोलायच्या आधी जनी बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"लिवतोस ना रं तू? त्या सगल्यांना पोचतं ना, तू लिवलंस की?"

"हो काकी. सगळ्यांना. एका सेकंदात."

"मंग लिव. माजा मानूस मेला."

हितेशला कळेना. "पण काकी, काका तर इथे..."

"मेला. खारीत बुरून मेला, आसा लिव. जाल्यान घावला, सपला, आता हितं कोन येवाचा न्हाय." तिने काळूरामच्या डोक्यावर हात ठेवला. तो मान खाली घालून बसला होता. "मेल्याच्या घरी कोन फोटो काराला येत न्हाय. आमाला तेवरा पुरे."

काळूरामने बायकोचा हात डोक्यावरून काढला नाही आणि तिच्या बोलण्याला नाहीही म्हटलं नाही. मृणालने हितेशला दंडाला धरून बाहेर नेलं. बाहेर पन्नासेक मोबाइल एकदम वर झाले. तिने मागे हात नेऊन दार लावून घेतलं आणि आतून कडी लागेपर्यंत ती दाराला पाठ लावून तिथेच उभी राहिली.